पासवर्ड आठवत होता, प्रोग्रॅम नव्हता

दादाचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसलो होतो. "अण्णांच्या कागदांचं स्कॅनिंग तू केलं होतंस ना रे? खरेदीखत आणि इंडेक्स टू. मूळ कागद कपाटात नाहीत. वकील महिनाअखेरीपर्यंत द्या म्हणतायत."

"आहेत माझ्याकडे. रात्री पाठवतो," म्हणालो आणि परत गवारीला लागलो.

ती रात्र यायला चार दिवस लागले. आणि सगळं प्रकरण मिटायला तीन आठवडे.

ते स्कॅन मी २०१२ च्या दिवाळीत केले होते. तेव्हा मला एन्क्रिप्शनचं, म्हणजे फाइली पासवर्डने कुलूपबंद करण्याचं, नवं नवं वेड होतं. घरात चोरण्यासारखं काही नसलं तरी सगळं कुलपात घालायचं. ट्रूक्रिप्ट ७.१ए हा त्यासाठीचा प्रोग्रॅम वापरून मी एक कंटेनर बनवला. कंटेनर म्हणजे बाहेरून एकच मोठी फाइल. पासवर्ड दिला की ती पेन ड्राइव्ह लावल्यासारखी उघडते. आकार ठेवला ६५० एमबी, कारण सीडीवर मावायला हवी! सीडी केव्हाच गेली. फाइल मात्र एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर असं करत माझ्या लॅपटॉपपर्यंत आली होती. पासवर्डही पक्का पाठ. तो इथे सांगत नाही, पण अण्णांच्या चेतक स्कूटरशी त्याचा संबंध आहे.

रात्री जेवण झाल्यावर ट्रूक्रिप्टचं वारसदार व्हेराक्रिप्ट उघडलं. लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि व्हेराक्रिप्टची १.२६ मालिकेतली आवृत्ती. फाइल निवडली, पासवर्ड टाकला, बराच वेळ चक्र फिरलं आणि उत्तर आलं की पासवर्ड चुकीचा असेल, नाहीतर हा व्हेराक्रिप्टचा कंटेनरच नसेल. मी अर्थातच पहिल्या शक्यतेवर विश्वास ठेवला. चेतकचा नंबर उलटा, सुलटा, मधे डॅश, शेवटी उद्गारचिन्ह. अर्धा तास गेला. मग आठवलं की पासवर्डच्या चौकटीशेजारी पूर्वी 'ट्रूक्रिप्ट मोड' अशी एक बारीक खूण असायची. ती आता कुठेच दिसत नव्हती.

व्हेराक्रिप्टच्या बदलांची यादी वाचली तर ते तिथे स्वच्छ लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या १.२६.७ पासून ट्रूक्रिप्ट मोड काढून टाकलाय, जुने कंटेनर उघडणारी शेवटची आवृत्ती १.२५.९. ती फेब्रुवारी २०२२ ची. यादी दोन वर्षं तिथे होती, मी वाचली नव्हती एवढंच.

ट्रूक्रिप्टचा शेवट तर विचित्रच होता. २८ मे २०१४ रोजी त्यांच्या साइटवर अचानक सूचना आली की हे वापरणं सुरक्षित नाही, विंडोजवाल्यांनी बिटलॉकर वापरा. लिहिणारे कोण होते हे आधीही कुणाला धड माहीत नव्हतं, नंतरही कळलं नाही. व्हेराक्रिप्ट त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, त्याच सोर्सवरून (प्रोग्रॅमच्या मूळ कोडवरून) फुटून निघालं होतं. मुनीर इद्रासी यांनी ते सुरू केलं. दोघांच्या फाइलींमध्ये फरक किती? कंटेनरच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या भागात), तेही उलगडल्यावरच दिसणारी, चार इंग्रजी अक्षरं असतात. ट्रूक्रिप्टमध्ये 'ट्रू', व्हेराक्रिप्टमध्ये 'व्हेरा'. शिवाय पासवर्डापासून किल्ली बनवताना ट्रूक्रिप्ट हजार-दोन हजार फेरे मारायचं, व्हेराक्रिप्ट साधारण पाच लाख मारतं. बाहेरून दोन्ही फाइली सारख्याच, निव्वळ यादृच्छिक कचरा. त्यामुळे नव्या व्हेराक्रिप्टला 'ही जुन्या जातीची फाइल आहे' असं सांगताच येत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की दिलेल्या पासवर्डाने ती चार अक्षरं काही उगवली नाहीत.

आता कबुली देऊन टाकतो. १.२५.९ ची डेबियन ११ साठीची तयार डेब फाइल, म्हणजे थेट बसवता येणारं पॅकेज, मिळत होती. ग्राफिकल खिडकी नसलेली, नुसत्या आज्ञा टाइप करून टर्मिनलमध्ये चालणारी आवृत्ती उतरवली असती तर बहुतेक चालूनही गेली असती. पण मला खाज आली. दहा वर्षांनी परत हा कंटेनर उघडायची वेळ आली तर ती डेब फाइल कुठल्या डेबियनवर बसणार? सोर्स हाताशी असला, एकदा आपल्या हाताने कंपाइल केलेला (त्याचा चालता प्रोग्रॅम बनवलेला) असला, तर निदान कुठे काय अडतं हे माहीत असेल. असं मी स्वतःला समजावलं. बायकोला वेगळं सांगितलं.

सोर्सची गठडी आणि तिची डिजिटल सही दोन्ही उतरवल्या. सही तपासायला जीपीजी हा प्रोग्रॅम चालवला. त्याने 'सही बरोबर आहे' म्हटलं आणि लगेच खाली 'पण ही किल्ली त्यांचीच आहे याची खात्री मी देत नाही' असंही बजावलं. नवखा माणूस हे वाचून घाबरतो, जुना माणूस वाचतच नाही. मी किल्लीच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे तिच्या ओळखखुणेची, चाळीस अक्षरं व्हेराक्रिप्टच्या साइटवर छापलेल्या अक्षरांशी एकेक करून ताडली, शेवटच्या ६८०डी१६डीई पर्यंत. सोर्समधून कंपाइल केलं म्हणजे आपोआप जास्त सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यातल्या हजारो ओळी मी वाचलेल्या नाहीत, वाचणारही नाही. तपासता येण्यासारखी एकमेव गोष्ट ती सही होती, म्हणून तिला वेळ दिला.

आत रीडमी फाइल आहे आणि ती बरी आहे. काय काय लागतं ते लिहिलंय: मेक (सोर्समधून प्रोग्रॅम बांधून देणारं साधन), सी प्लस प्लस कंपायलर, यास्म, पीकेजी-कॉन्फिग, फ्यूज (कंटेनर डिस्कसारखा दिसावा म्हणून लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) आणि डब्ल्यूएक्सविजेट्स ३.०. ती न वाचता सरळ मेक चालवलं, कारण मी मी आहे. 'कंपाइलिंग अमुक', 'कंपाइलिंग तमुक' अशा ओळी सुरळीत सरकत होत्या. मग 'असेंब्लिंग' अशी ओळ आली आणि गाडी थांबली: यास्म सापडत नाही. एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचे काही भाग वेग मिळावा म्हणून थेट असेंब्लीत (प्रोसेसरच्या भाषेत) लिहिलेले आहेत, त्यांना हा असेंब्लर लागतो. बसवला. मग फ्यूजची हेडर फाइल नाही. इथे मात्र जपून. या आवृत्तीला फ्यूज २ लागतं आणि डेबियन १२ च्या डेस्कटॉपवर फ्यूज ३ नांदत असतं. लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज तेवढं घ्यायचं, नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज मागायचं नाही. कारण ते आलं की फ्यूज ३ ला बाहेर काढतं आणि त्याच्या जिवावर चालणारी डेस्कटॉपची मंडळीही मागोमाग निघतात. अ‍ॅप्ट (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारं साधन) आधी यादी दाखवून विचारतं, पण आपण वाय, म्हणजे हो, दाबायला सोकावलेले असतो.

खरी अडचण डब्ल्यूएक्सविजेट्सची. खिडक्या, बटणं काढणारी ती लायब्ररी. रीडमीला ३.० हवी आणि डेबियन १२ मध्ये ३.२. नव्या लायब्ररीशी जुना कोड जुळवत बसायची माझी इच्छा नव्हती. मला बटणं नकोच होती. रीडमीतच वाट दिलेली आहे: डब्ल्यूएक्सविजेट्सचा सोर्स वेगळा उतरवायचा, तो कुठे ठेवलाय ते मेकला सांगायचं, 'ग्राफिक्स नको' आणि 'लायब्ररी आतच जोडून टाक' असे दोन शब्द द्यायचे. मग दोन टप्प्यांत काम. आधी डब्ल्यूएक्स तयार होतं, मग व्हेराक्रिप्ट.

पहिला टप्पा चहा होईपर्यंत संपला. दुसरा टप्पा सुरू केला तर पहिल्याच मिनिटात तक्रार, डब्ल्यूएक्स सापडत नाही. आत्ता तर बनवलं! मी फोल्डर उघडून पाहिलं. लायब्ररी तिथेच पडलेली. पुन्हा बनवली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. 'लायब्ररी आतच जोड' हा शब्द मी पहिल्या टप्प्याला दिला होता, दुसऱ्याला नाही. दर टप्प्याला मेकची पाटी कोरी असते. शब्द दिला नाही तर ते आपल्या शेजारची ताजी लायब्ररी सोडून सिस्टिममध्ये शोधत हिंडतं. दोन्ही वेळा तेच दोन शब्द. एवढंच.

त्या रात्री बिल्ड पुरा झाला. शेवटी तो प्रोग्रॅम स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी गणितं सगळ्या अल्गोरिदमकडून सोडवून घेतो. मी ती पुन्हा हाताने घेतली. 'सर्व अल्गोरिदम पास.' एन्क्रिप्शनच्या बाबतीत ही पायरी मला फार आवडते. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर खिडकी वाकडी दिसते. इथे चूक राहिली तर सगळं छान दिसतं आणि फाइल जाते.

कंटेनरची आधी एक प्रत काढली. मूळ फाइलीचा आणि प्रतीचा एसएचए-२५६ (फाइल हुबेहूब तीच आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला. मग प्रतीवरच प्रयोग: ट्रूक्रिप्ट मोड, फक्त वाचण्यासाठी. पासवर्ड, चेतक, एंटर. की-फाइल? नाही. आणि एका सेकंदात आत! हजार-दोन हजार फेऱ्यांचा जमाना होता तो, वेळ लागतोय कशाला. 'घर' नावाचा फोल्डर, त्यात अण्णांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट सगळं. इंडेक्स टू रात्री साडेअकराला दादाला पाठवला, पाठोपाठ खरेदीखत.

दादाने अंगठा पाठवला. सकाळी फोन. "छान झालं. आता असं कर, ते मला इथूनच उघडता येईल असं करून दे. दर वेळी तुझ्यामागे किती लागायचं?"

रास्त होतं. दादाच्या लॅपटॉपवर मीच डेबियन घालून दिलंय, कंटेनरची एक प्रत त्याच्याकडेही आहे. पण दादा निवृत्त शिक्षक. त्याला यास्म आणि फ्यूजच्या वाटेला लावणं म्हणजे पाप. त्याला द्यायची तर एक डेब फाइल द्यायची. एकदा बसवली की संपलं.

ऑफिसात लिनक्सच हाताळतो, तरी स्वतः डेब पॅकेज कधी बनवलं नव्हतं. एक 'डेबियन' नावाचा फोल्डर करायचा, त्यात चार-पाच छोट्या फाइली. दिसायला सोपं. 'रूल्स' नावाची फाइल म्हणजे मेकला सूचना देणारी मेकफाइलच. तिने पहिल्याच फटक्यात 'मिसिंग सेपरेटर' म्हणून तोंडावर दार आपटलं. माझ्या एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातल्या होत्या. ते लगेच सापडलं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'चेंजलॉग'ने मात्र एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. त्यातली सहीची ओळ अशी लिहायची: सुरुवातीला एक स्पेस, मग दोन आडव्या रेघा, पुन्हा एक स्पेस, नाव, कोनी कंसात ईमेल आणि तारखेच्या आधी नेमक्या दोन स्पेस. एक चालत नाही. मी एकच दिली होती. एरर यायची ती नुसती 'सहीची ओळ नीट लिहिलेली नाही' अशी, आणि मी तारखेचं स्वरूप, महिन्याचं नाव, साडेपाच तासांचा टाइमझोन सगळं बदलून पाहत होतो. शेवटी दुसऱ्या पॅकेजचा चेंजलॉग शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवलं. दोन स्पेस! कुणी तरी कधी तरी ठरवलं असणार, आणि आता तेच शास्त्र.

'कॉपीराइट' फाइल मी आधी वरवर लिहिणार होतो. घरगुती पॅकेज, कोण बघतंय. पण लिहायला म्हणून सोर्सच्या फाइली उघडल्या आणि रमलो. अनेक फाइलींच्या डोक्यावर तीन थर आहेत. सगळ्यात नवा व्हेराक्रिप्टचा, अपाची २.० परवान्याखाली. त्याआधीचा ट्रूक्रिप्टचा, स्वतःच्या परवान्याखाली. आणि सगळ्यात जुन्या थरात १९९८ ते २००० अशी सालं आणि पॉल ल रू हे नाव, 'एन्क्रिप्शन फॉर द मासेस' या प्रोग्रॅमच्या परवान्यासह. ट्रूक्रिप्ट २००४ मध्ये आलं ते याच पायावर उभं राहून. हा ल रू पुढे मोठा गुन्हेगार निघाला, २०१२ मध्ये लायबेरियात पकडला गेला आणि २०२० मध्ये त्याला अमेरिकेत पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. अण्णांचं खरेदीखत ज्या कुलपात बारा वर्षं होतं त्याच्या तळाशी हे नाव असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दादाला सांगितलं नाही.

त्या मधल्या परवान्यामुळेच व्हेराक्रिप्ट डेबियनच्या अधिकृत भांडारात नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या त्यांच्या व्याख्येत तो बसत नाही. म्हणजे आपण अ‍ॅप्टला मागितलं आणि आलं, असं इथे होत नाही, आणि जुन्या आवृत्त्या जपून ठेवायचं कामही कुणी दुसरं करत नाही.

पॅकेज बनलं. माझ्याच मशीनवर बसवायला गेलो तर पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीने अडवलं, कारण माझ्याकडे नवं व्हेराक्रिप्ट आधीच त्याच जागी, त्याच नावाने बसलेलं होतं. एक पॅकेज दुसऱ्याची फाइल पुसून टाकू शकत नाही, बरोबरच आहे. मी ते ऑप्ट फोल्डरमध्ये हलवलं, तर पॅकेज तपासणारा लिन्टियन ओरडला की ऑप्टमध्ये डेबियन पॅकेजांनी जायचं नाही. घरचं पॅकेज, तरी त्याचं ऐकलं. नाव बदलून 'व्हेराक्रिप्ट-जुनं' केलं आणि दोघं शेजारी नांदू लागले. दादासाठी दोन ओळींची एक स्क्रिप्टही आत घातली. तिचं नाव 'कागद'. टर्मिनलमध्ये कागद म्हटलं की ती पासवर्ड विचारते आणि फोल्डर उघडते. फक्त वाचण्यासाठी, कारण चुकून काही पुसलं जायला नको.

रविवारी सकाळी फोनवर स्थापना. दादा एकेक अक्षर वाचून दाखवणार, मी इकडून सांगणार. पॅकेज बसलं. "कागद" टाइप केलं, पासवर्ड दिला.

"काही तरी इंग्रजीत आलंय."

"वाच ना."

"एस, यू, डी, ओ. नॉट फाउंड."

सुडो! दादाचं डेबियन घालताना मी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, वेगळा पासवर्ड ठेवला होता, आणि तसं केलं की साध्या खात्याला ते अधिकार उसने देणारा सुडो हा प्रोग्रॅम इन्स्टॉलर बसवत नाही. व्हेराक्रिप्ट मात्र डिस्क जोडताना गुपचूप सुडोलाच हाक मारतं. आता हे माझ्या पॅकेजला का कळलं नाही? कारण डेब बनवताना लागणाऱ्या गोष्टींची यादी यंत्र आपोआप काढतं ती फक्त जोडलेल्या लायब्ररींची. प्रोग्रॅम चालता चालता दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला हाक मारतो, हे त्याला बाहेरून दिसत नाही. ते माणसाने लिहायचं असतं. मी 'कंट्रोल' फाइलीत सुडो लिहिलं, त्याच न्यायाने डीएमसेटअपही लिहिलं, चेंजलॉगमध्ये नवी नोंद केली, दोन स्पेस मोजून दिल्या आणि दुसरी डेब पाठवली. तिने सुडो ओढून आणलं. मग दादाला सुडो वापरणाऱ्यांच्या गटात घालणं, लॉगआउट, लॉगइन. वहिनी मागून विचारत होत्या, "अहो, जेवायला येताय का तुम्ही?"

उघडलं. दादा पाच मिनिटं काहीच बोलला नाही, नुसता बघत होता. "अण्णांनी घराच्या खर्चाचा हिशेब पण ठेवला होता की रे. विटा हजारी किती, सगळं."

सोमवारी ऑफिसात डबा खाताना मी ही गोष्ट जरा रंगवून सांगितली. आमची एक सहकारी, सर्व्हरचं काम बघते, शांतपणे पोळी मोडत म्हणाली, "अरे, पण क्रिप्टसेटअपला टीक्रिप्ट म्हणून प्रकार आहे ना? त्याने उघडलं असतं."

घरी येऊन पाहिलं. ट्रूक्रिप्ट उघडायची ती सोय आहे. २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून आहे. क्रिप्टसेटअप हे डिस्क एन्क्रिप्ट करायचं साधन डेबियनच्या भांडारातच असतं, माझ्या लॅपटॉपवर तर आधीपासून होतं, कारण डिस्क त्यानेच एन्क्रिप्ट केलेली आहे. रूट होऊन एक ओळ, प्रकार टीक्रिप्ट, फक्त वाचण्यासाठी, आणि मग नेहमीचं माउंट. दोन मिनिटांत तेच 'घर' फोल्डर समोर. ट्रूक्रिप्टचा नवा कंटेनर त्याला बनवता येत नाही, पण मला कुठे बनवायचा होता? यास्म नाही, डब्ल्यूएक्स नाही, ल रू नाही. मी ती विंडो बंद केली आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

बायकोने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, एक ओळ.

ठरवलं होतं की आता सगळं नव्या पद्धतीच्या कंटेनरमध्ये हलवायचं आणि ट्रूक्रिप्टला एकदाचा निरोप द्यायचा. तेवढ्यात शनिवारी दादाचा फोन. "ते तुझं 'कागद' झकास चालतं. परवा त्यात नवा सातबारा टाकायला गेलो, तर टाकू देत नाही. तेवढं कर."

"दादा, मी ते सगळं नवीन कुलपात हलवणार आहे. पासवर्ड पण बदलू."

"बदलू नकोस. हा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. हिलाही माहीतये."

मी स्क्रिप्ट उघडली, 'फक्त वाचण्यासाठी' काढलं आणि चेंजलॉगमध्ये तिसरी नोंद लिहायला घेतली. नाव, ईमेल, स्पेस, स्पेस, तारीख.